बंद गाडीचा सुस्कारा

निळी शाई अजून ओली होती, आणि तिसऱ्या चौकोनातल्या तीन शब्दांपैकी शेवटचा रेघेबाहेर जरा घसरला होता. सात वर्षांची घाई एकदम बोटांत उतरली की अक्षर घसरायचंच. 'वॅक्यूमची नळी चिरली.' तिने चिठ्ठीवर फुंकर घातली, आणि मग लिहून झालेलं वाचून तिला घाम फुटला... आणि हसूही.

गॅरेज मामाचं, म्हणजे ती भाची. पण भाची म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं. सात वर्षं काउंटरवर बसून चिठ्ठ्या लिहिते म्हणून सगळ्यांची ती 'चिठ्ठी', मामाचीसुद्धा. चिठ्ठीला तीन चौकोन : गाडी, तक्रार, कारण. पहिले दोन तिचे. तिसरा मामाचा, आणि तोही गाडी उघडून, हात बरबटवून झाल्यावर. लोक यायचे, काउंटरवर ओणवे व्हायचे आणि गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे. एकदा एका मुख्याध्यापकांनी इकडेतिकडे बघून म्हशीसारखं रेकून दाखवलं होतं, आणि मग लाल कानांनी पाणी मागितलं होतं. ती न हसता लिहायची — खुळखुळ, किरकिर, घशात अडकल्यासारखी घरघर. आवाज लोकांचे, कारणं मामाची. आपण मधली रेघ. रेघेला कुठं मत असतं?

आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत गवताची काडी, आणि त्यांची जुनी डिझेल गाडी.

"चालू असताना गुणी आहे हो," त्या म्हणाल्या. "बंद केली की नाटकं. किल्ली काढते, दार लावते, चार पावलं जाते, आणि मागून... गाय बसताना कशी लांब सुस्कारते? तशी. आणि मग टक! गुडघा टेकल्यासारखी."

बंद केल्यावर. ते लिहिताना तिचं पेन थबकलं. कारण हे तिला ठाऊक होतं — गाडीचं नव्हे, हे असलं ऐकणं. लेक तान्ही होती तेव्हा घरभर माणसं तिचं रडणं ऐकायची, हिला भूक लागली, हिला ऊन बाधलं, हिचं पोट दुखतंय... आणि तिला मात्र रडण्यातून काहीच कळत नसे, रडणं सगळं सारखंच, भोंगा तो भोंगा. कळायचं ते रडणं थांबल्यावर. मग जे दोन हुंदके यायचे, एक लांब, एक तुटका, त्यातून बाळ खरं बोलायचं. भुकेचा हुंदका कोरडा, कानदुखीचा आत वळलेला. आईपण म्हणजे गप्प झालेल्या पोरीपाशी आणखी थोडं थांबणं, बाकी काय! तिला तेव्हा वाटायचं, हे कुणाला सांगून पटेल?

आणि गाडीचं म्हणाल तर सात वर्षांत मामाचं बोलणं कानांवरून थोडंथोडकं गेलं नव्हतं. इंजिन चालू असतं तोवर ते नळ्यांमधली हवा ओढून काढतं, आणि त्या पोकळीच्या, म्हणजे वॅक्यूमच्या, जोरावर ब्रेक मऊ राहतो. गाडी बंद झाली तरी ती पोकळी बराच वेळ टिकायला हवी. नळीला चीर असेल तर... तर बाहेरची हवा हळूच आत शिरणार, लांब सुस्कारा; आणि त्या पोकळीने खेचून धरलेली एखादी झडप सुटणार. टक. बसली गाय! पेन आपोआप तिसऱ्या चौकोनात गेलं.

तिकडे मामाने गाडी सुरू केली होती. आता तो पायाने इंजिन चढवत होता, उतरवत होता, डोळे मिटून, मान कलती करून. भोवती कॉम्प्रेसर धडधडत होता, ग्राइंडर ओरडत होता, रेडिओवर कुणीतरी जीव तोडून गात होतं.

"शीळ येते," मामा गाडी बंद करून उतरत म्हणाला. "टर्बो गेला. लांब्या, उतरवायला घे. बाई, दोन दिवस लागतील."

"दोन दिवस? मग माझे पेशंट काय चालत येणार का?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि मी शीळ म्हणाले का हो? मी सुस्कारा म्हणाले."

लांब्या, म्हणजे मामाचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ माणूस, पान्यांचा डबा उघडत होता. एकदा टर्बो खाली आला की संपलं, मग मामाचंच खरं. काउंटरपासून गाडीपर्यंत अकरा पावलं. ती कधी चालली, तिलाच कळलं नाही. चिठ्ठी मामाच्या हातात होती.

मामाने ती लांब धरून वाचली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अगं बाई! चिठ्ठी बोलायला लागली," लांब्या म्हणाला.

"तू आवाज ऐकलास?" मामाने विचारलं.

"नाही."

"न ऐकता लिहिलंस?"

"मामा, इथे कुणालाच ऐकू येणार नाही तो. इथे गाडी बंद झाली रे झाली की माणसं सुरू होतात." हे आपण बोललो? मी? बोलले तर बोलले. "पाच मिनिटं सगळं बंद कर. सगळं."

"अकरा वाजता? भर धंद्यात?"

"हो."

"आणि नाही आला तुझा सुस्कारा, तर?"

"तर जन्मभर काउंटर. तिसऱ्या चौकोनाकडे बघणारसुद्धा नाही."

"आणि आला तर?"

त्याचं उत्तर तिच्यापाशी तयार होतं, कितीतरी पावसाळ्यांचं. "तर उद्यापासून आवाजाची गाडी आधी माझी. मग तुझी."

मामाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू कपाटात वर्षानुवर्षं असलेलं हत्यार आजच हाताला लागावं. मग त्याने स्वतःच जाऊन कॉम्प्रेसरचं बटण खाली केलं. ग्राइंडर थांबला. गाणारा मधेच तुटला. राहिला शेजारचा पत्रेवाला. लांब्याने भिंतीवरून मान वर काढली. "ए ठोक्या! हातोडा ठेव!"

"का रे? कोण गेलं?"

"अजून कुणी नाही! पाच मिनिटांत कळेल!"

आणि शांतता आली. एकदम नाही, ती पायरी पायरी उतरली : आधी धडधड गेली, मग कानांतली धडधडीची सावली गेली, मग पत्र्यावर पाय बदलणारं कबुतर ऐकू आलं. बाहेर कुणाची तरी सायकल, कुणाचं तरी "अगं ऐक ना". या जागेला असाही आवाज होता? सात वर्षं आपण या आवाजावर बसलो होतो... डॉक्टरबाईंनी गाडी सुरू केली, जरा चालू ठेवली आणि किल्ली उलटी फिरवली. इंजिन थरथरून थांबलं.

काही नाही.

तापलेलं लोखंड निवताना टिकटिकलं. ते सगळ्याच गाड्यांचं. लांब्याने ओठ आत ओढून हसू दाबलं. काही नाही. तिच्या छातीतच इतका गलबला की तो जगाला ऐकू जात असेल... थांब, आणखी थोडं थांब, पोरीपाशी थांबायचीस तशी —

आणि आला. पातळ, लांब, इंजिनाच्या काळोख्या कोपऱ्यातून. पण गाईसारखा नव्हे! गाय श्वास सोडते. हा ओढलेला होता, आत, आत, रेतीतून पाणी मुरावं तसा. आत जाणारी हवा! तिने नकळत स्वतःचाही श्वास तसाच ओढला. आणि टक.

मामाने उघड्या दारातून पाय आत घातला आणि ब्रेक दाबला. पाय जिथल्या तिथे राहिला. पुन्हा दाबला. दगड.

"हं," मामा म्हणाला. मामाचं 'हं' म्हणजे दुसऱ्यांची आरती. डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला, जनावर शहाणं निघाल्यावर घालतात तसा. लांब्या कॉम्प्रेसरकडे निघाला, भिंतीपलीकडून ठोक्याने विचारलं, "उचलू का हातोडा?"

आता तिने उडी मारायची, टाळी वाजवायची... पण ती गाडीवर वाकलेलीच राहिली. कारण त्या टक नंतर, सगळ्यांचे श्वास सुटले त्या गडबडीच्या खाली, आणखी काहीतरी होतं. फार बारीक. कुणी दोरा दातांनी तोडावा, आणि मग पुन्हा तोडावा, तसं. हे डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं. हे कुणाच्या तोंडून आलं नव्हतं, कुठल्या चिठ्ठीत नव्हतं, आणि त्याला काय म्हणतात ते तिला मुळीच माहीत नव्हतं. माहीत नाही! केवढा गोड शब्द हा, पहिल्यांदाच तिचा स्वतःचा.

तिने हात वर केला. "थांबा."

लांब्याचं बोट बटणावर थबकलं. मामा पाय ब्रेकवर तसाच ठेवून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि ती ऐकत राहिली, भिजल्यासारखी.