घरबसल्या ओल

"या पृथ्वीच्या पाठीवर आता अशी जागा उरली नाही, जिथली ओल माणसाला घरबसल्या कळत नाही," थोरल्यानं ओसरीवर जमलेल्या चौघांना ऐकवलं. तेव्हा त्याच्या मांडीवर चहाचा कप कलंडला होता. ती ओल मात्र चौघांतल्या न्हाव्यानं बोट दाखवल्यावर कळली.

थोरल्यानं रानात एक काळी काठी रोवली होती. मातीतली ओल काठीनं फोनला कळवायची, माती सुकली की फोननं मोटार चालू करायची आणि मालकानं मिशीला पीळ द्यायचा, अशी कामाची वाटणी होती.

तेवढ्यात धाकट्या भावाच्या बायकोचा फोन आला. तिचं रान बांधापलीकडे, उताराला. हंगामभर राबून काढलेला कांदा तिनं रानातच पातीखाली सुकत घातला होता. चौघांनी ऐकावं म्हणून थोरल्यानं आवाज मोठा केला.

"भाऊजी, मोटार बंद करा! तुमचं पाणी बांध फोडून माझ्या कांद्यात शिरलंय!"

"अगं, काठी तर रान कोरडं ठणठणीत दाखवतेय."

"मी घोटाभर पाण्यात उभी आहे!"

"मग दुसऱ्याच कुणाच्या रानात उभी असशील. माणूस खोटं बोलेल, आकडा नाही बोलत!"

ओसरी खदखदा हसली. फोन बंद झाला.

आतून त्याची बायको, थोरली, हात पुसत आली. "कुठली काठी म्हणता? ती काळी? खुरपणीत बायकांचं खुरपं लागेल, म्हणून मी सकाळीच उपटली. बांधावर ठेवलीय उन्हात. चांगली खडखडीत आहे."

न्हाव्याला एकदम गिऱ्हाईक आठवलं. बाकीच्यांनाही कुठं कुठं जायचं होतं. थोरल्यानं मोटार बंद केली आणि मान खाली घालून रानाची वाट धरली.

धाकटी चिखलात वाकून कांदे वेचत होती. भिजला कांदा कोरड्यात नेला नाही, तर सगळा सडणार. तिनं वर पाहिलं नाही. थोरल्याच्या खिशात फोन कळवळून वाजत होता: रान कोरडं आहे, पाणी द्या.

कानाच्या पाळ्या तापल्या. वाटभर बोलणं जुळवलं होतं, ते आता जुळेना. "पोरी," तो कसाबसा म्हणाला, "चारचौघांत तुला खोटं पाडलं. हे तोंड आता कुठं लपवू? त्याच चौघांसमोर मी... तुझं जे नुकसान..."

"भाऊजी," धाकटी वाकलेलीच म्हणाली, "तेवढा पाय उचला. कांद्यावर उभे आहात."