शेजारच्या शेताचा हेवा

मी एक जुना माळ आहे, मित्रांनो. वैजापूरच्या वाटेवर, अंजन-पळसाच्या विरळ सावलीत माझं पवन्या गवत गुडघाभर वाढायचं. निजामाच्या काळी ते घोड्यांसाठी राखलेलं असे. पोलीस ॲक्शननंतर मी गावाचा झालो. पुढं आवडाबाई रोज विळा घेऊन येऊ लागली. तिची एकच गाय होती. माझ्या गवतावर गाय दुधाला बरी राहते, असं ती सगळ्यांना सांगायची. तेवढ्यावर मी सुखी राहायला हवं होतं.

पण बांधापलीकडं कडूबाचं कापसाचं शेत होतं. कडूबा ते नांगरायचा, खुरपायचा, पावसाळ्यात युरियाचे पांढरे दाणे ओळीओळीनं टाकायचा. आठ दिवसांत शेत काळंभोर हिरवं व्हायचं. वाटेनं जाणारे थांबून त्याचं कौतुक करायचे. माझ्याकडं कुणी वळूनही बघत नसे. मी मनातून जळायचो. एकदा कापसाला कीड पडली, तेव्हा मला बरंच वाटलं. हे सांगताना आज लाज वाटते.

एका वर्षी पाऊस रुसला. माझं गवत खुरटलं आणि आवडाबाईची गाय आटली. कडूबाला वाईट वाटलं. पुढच्या पावसाळ्यात त्यानं उरलेला युरिया माझ्या अंगावर टाकला, आणि त्यापुढं आणखी दोन वर्षं टाकला. मी शेताकडं ऐटीत पाहिलं.

पहिल्या वर्षी गवत कमरेला लागलं. दुसऱ्या वर्षी तरोट्याचं तण माजलं, तिसऱ्या वर्षी गाजरगवत. पवन्या त्यांच्याखाली दबून मेला. गाजरगवतानं आवडाबाईच्या हातांवर पुरळ उठलं. शेवटी तिनं बाजारात गाय विकली. ती कडूबाला एवढंच म्हणाली, "तू लई मायेनं टाकलं, बाबा. पर माझ्या गाईला त्यातलं काय खाता आलं नाय."

 मग शहरात जाऊन कडूबानं माती तपासणाऱ्या भानुमतीबाईंना आणलं. त्यांनी माझी माती नेली, शेजारच्या टेकडीवरचीही नेली, आणि पंधरा दिवसांनी परत आल्या.

"शेत दर वर्षी पीक देतं, म्हणून त्याला नत्र द्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "माळाचं गवत थोड्या नत्रावर जगतं. टेकडी निरोगी आहे, तिच्या मातीत नत्र कमी आहे. इथं युरियानं ते वाढलंय, म्हणून तण माजलं. हा माळ आजारी आहे."

मी ज्यासाठी जळत होतो, तेच माझं दुखणं निघालं.

खत बंद झालं. कडूबा आणि आवडाबाई दर पावसाळ्यात फुलं धरण्याआधी तण उपटून बाहेर नेत. तिनं टेकडीवरून पवन्याचं बी ओटीत भरून आणलं. सहाव्या वर्षी गवत पुन्हा गुडघ्याला लागलं. आवडाबाईनं पहिला भारा कापला आणि कडूबाच्या बैलांपुढं टाकला. तिच्या गोठ्यात पुन्हा गाय आली नाही.

मित्रांनो, साधं गवत असलेला माळ दिसला, तर त्याची कीव करू नका. त्याला थोडंच लागतं. तेवढं त्याच्याजवळ असतं.