कुलूपवाल्याच्या घरातला चेंडू

मी चेंडू बोलतोय. आता मला चेंडू म्हणायचं की आणखी काही, ते माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही. मला कोणी फेकत नाही, कोणी झेलत नाही. पण खोक्यावर तसं छापलं होतं, म्हणून आपलं चेंडू.

माझा जन्म गरम साच्यात झाला. लाल रबराच्या दोन वाट्या एकमेकींत फिरवून घट्ट बसवल्या, की झालो मी. पोटाला एक भोक, आणि ते लहानमोठं करायला एक फिरती चकती. निळी टोपी घातलेल्या एक बाई आम्हाला एकेकाला कानाशी धरून हलवायच्या. आत काही खुळखुळलं की तो बाद. तेव्हा मी मनाशी धरलं, आपण रिकामं असावं, त्यातच आपलं भलं.

आणि या घरात आलो, तर पहिल्याच सकाळी मला कुत्र्याच्या खाण्याच्या दाण्यांनी गळ्यापर्यंत भरलं. तेव्हापासून माझा जो गोंधळ उडालाय, तो उडालेलाच आहे.

या घरात चार जीव राहतात. सूनबाई दातांच्या दवाखान्यात कामाला. तिचा नवरा बस चालवतो. त्याचे वडील, म्हणजे आजोबा, दिवसभर घरी. त्यांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. आणि चौथा भोपळ्या. पिवळा, गोल तोंडाचा कुत्रा, म्हणून भोपळ्या.

या भोपळ्याला दुपार खायला उठायची. मग तो हाती लागेल ते कुरतडायचा. खुर्चीचा पाय झाला, टीव्हीचा रिमोट झाला, सूनबाईच्या दोन चपला झाल्या, त्याही दोन्ही डाव्या.

"मी आता पायात काय घालू?" ती म्हणाली.

"दोन उजव्या आहेत की," नवरा म्हणाला, आणि तिने पाहिलं तसा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

मग तिने मला सगळ्यांसमोर ठेवलं. "बाबा, त्याला भूक नाही हो. कंटाळा आलाय. डोक्याला काम हवं, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. हा ढकलला की एकेक दाणा पडतो. महिनाभर बघू. कुरतडणं थांबलं तर ठीक, नाही तर माझ्या मावशींच्या मळ्यावर पाठवायचा. माझा इलाज चालत नाही."

आजोबा नुसते भोपळ्याचा कान कुरवाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं कामावर गेली. भोपळ्याने मला नाक लावलं. मी थोडा घरंगळलो, एक दाणा दिला. त्याने तो खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि कुं कुं करायला लागला.

"अरे अरे," आजोबा गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले. "काय हा छळ! जेवणाला कुलूप लावलं होय?"

आणि त्यांनी मला फिरवलं. एकदाच. काय बोटं ती! मी उघडलो केव्हा, ते मलाही समजलं नाही. सगळे दाणे ओंजळीत घेऊन म्हणाले, "खा लेका."

भोपळ्याने शेपटी हलवली. आजोबा हसले. मलाही बरं वाटलं. चांगलंच झालं ना हे? मग दुपारी आजोबांचा डोळा लागला, भोपळ्याने दोनदा सुस्कारा टाकला आणि सोफ्याचा कोपरा कुरतडायला घेतला.

सूनबाईला वाटलं, भोक मोठं आहे, म्हणून दाणे लगेच संपतात. तिने चकती फिरवून ते लहान केलं. आजोबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "अस्सं!" त्यांच्या डोळ्यांत चमक आली. मला पुन्हा उघडलं. तिने मला आणखी घट्ट आवळलं. त्यांनी मला आणखी लवकर उघडलं. ती रोज भरायची, ते रोज रिकामं करायचे. मी कोणाचं ऐकायचं? दोघंही प्रेमानेच वागत होते.

मधल्या मध्ये पायपुसणं गेलं, उशी गेली. महिना संपत आला तेव्हा सूनबाईने फोन लावला. "मावशी, रविवारी न्यायला या."

त्या दिवशी आजोबांनी ताट तसंच बाजूला सारलं. भोपळ्यापुढे बसून म्हणाले, "मी तुला एक दिवस उपाशी ठेवला नाही रे. तरी असा का वागतोस?"

मला सांगावंसं वाटत होतं. पण मला तोंड म्हणजे ते एक भोक, आणि त्यातून दाण्यांशिवाय काही पडत नाही.

शुक्रवारी दवाखान्यातली वीज गेली म्हणून सूनबाई लवकर घरी आली. दारातच थबकली. आजोबा जमिनीवर बसलेले, आणि माझ्या दोन वाट्या त्यांच्या दोन हातांत.

"बाबा! रोज उघडता?"

"अगं, जीव कळवळतो गं. समोर खाणं आहे आणि मिळत नाही..."

"म्हणजे मी त्याला काम देऊन जाते, आणि तुम्ही ते हातातून काढून घेता. बाबा, त्याला मळ्यावर तुम्हीच धाडताय."

आजोबांचा चेहरा पडला. ते बघून तिचाही राग उतरला. पर्स बाजूला ठेवून तीही जमिनीवर बसली.

"तुम्हाला पहिलं कुलूप शिकवलं, तेव्हा किल्ली दिली होती?"

"छे! उस्तादांनी किल्ली खिशात टाकली आणि खुशाल जेवायला निघून गेले. दुपारभर घामाघूम झालो. पण उघडलं ना, तेव्हा मी दुकानाभोवती तीन चकरा..." आजोबा बोलता बोलता थांबले. आपल्या हातांकडे बघत राहिले.

मग त्यांनीच मला भरलं. वाट्या जोडल्या, भोक मोठं केलं आणि मला खाली ठेवून दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. भोपळ्याने मला त्यांच्या गुडघ्याशी आणून टाकलं. पंजा ठेवला. अशा नजरेने बघितलं, की माझ्या हातात असतं, तर मी आपणहून उघडलो असतो.

"तुझं तू बघ, राजा," आजोबा म्हणाले.

भोपळ्याने वैतागून मला नाकाने ढकललं. मी जाऊन कपाटावर आपटलो. दोन दाणे पडले. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला हाक मारली होती. मग पुन्हा ढकललं. पुन्हा.

त्या दिवशी सोफा वाचला. शनिवारीही वाचला. रविवारी मावशी आल्या, तेव्हा भोपळ्या टेबलाखाली थकून घोरत होता.

"राहू द्या त्याला, मावशी," सूनबाई म्हणाली. "चहा घेऊन जा."

"अगं, मी गाडीत पोतं अंथरून आलेय!"

आजोबा घाईघाईने स्वतःच चहा टाकायला गेले. साखर घालायची विसरले. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

पुढे मात्र आजोबांच्या हातांना चैन पडेना. नळ घट्ट कर, दाराचा खिट्टा काढून बसव. मग सूनबाईने दवाखान्याच्या कपाटाचं जुनं कुलूप आणलं, किल्ली हरवलेलं. "बघा हो बाबा, उघडतं का."

आता माझा रंग विटलाय. अंगभर दातांच्या खुणा आहेत. वाट्याही सैल झाल्यात. दुपारी आम्ही चौघं जमिनीवर असतो. एका बाजूला भोपळ्या नि मी, दुसऱ्या बाजूला आजोबा नि ते कुलूप. कुलूप माझ्याशी बोलत नाही. लोखंडाचं आहे, थोडी गुर्मी असायचीच.

कुलूप आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते उघडलं. मला वाटलं, संपलं काम. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, गालात हसले, टक् करून ते पुन्हा बंद केलं आणि पहिल्यापासून तार घालायला बसले. इकडे माझ्या पोटात एकही दाणा उरलेला नव्हता. भोपळ्याला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी तो मला ढकलत होता.

हे असं का, मला विचारू नका. एवढंच मागणं आहे, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर कोणाची दया येऊन त्याला घाईने उघडू नका.

थांबा, तो आलाच. मला घरंगळायला हवं.