धुतलेली माती

दुसऱ्याच्या कामात न विचारता हात घालणे हा दोष आहे. सेवाभावाने केल्यास तो कमी होत नाही. करणाऱ्याला केवळ अधिक गोड वाटतो. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स येथे १९८९च्या एका रविवारी तो माझ्या हातून घडला.

माझी सून सुलक्षणा इस्पितळात डॉक्टर. काचेच्या टाकीत ती पाणवनस्पती लावणार होती: तळाशी माती, वर धुतलेली खडी. ती फोनवर असताना मी खडी पाणी निवळेपर्यंत तांदळासारखी धुतली. शेजारी मातीची पिशवी होती. पाण्यात ठेवायची वस्तू निर्मळच हवी, या निष्ठेने तीही चाळणीत धुतली. अखेरीस चाळणीत सहा खडे आणि एक काडी उरली.

"बाबा, माझी माती?"

"धुतली."

"माती धुतलीत?"

माझी पत्नी सुप्रभा दारातून म्हणाली, "अहो, उद्या पाणी वाळत घालाल!"

सुलक्षणा खळखळून हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. पोस्टाने आलेली रोपे शुक्रवारपासून ओल्या वर्तमानपत्रात होती. "आज संडे, सगळी शॉप्स बंद. उद्यापासून दोन दिवस मी ऑन-कॉल. तोवर ही सडतील."

"बागेतली घे."

"तिथे तण मारायचं वीडकिलर मारलंय, बाबा."

तेव्हा मला माझा डबा आठवला. जानेवारीच्या थंडीत आमची तुळस गेली होती. तिची माती टाकवेना, म्हणून वाहत्या पाण्यात सोडण्यासाठी मी ती बिस्किटांच्या डब्यात जपली होती. कालव्यापर्यंत दोनदा गेलो. बदके अशी रोखून पाहू लागली की परतलो.

"खत घातलं होतं?" सुलक्षणाने विचारले.

"कधीच नाही. पाणी आणि नमस्कार, एवढेच."

"मग आज विसर्जनच!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "पण बाबा, हात मागे बांधा!"

तिने माती बोटभर जाडीने पसरली, वर खडी घातली. थर विस्कटू नये म्हणून खडीवर बशी ठेवून तीवर हळूहळू पाणी ओतले. रोपे एकेक करून खोचली. सुप्रभाने देव्हाऱ्यातली घंटा आणून वाजवली. आम्ही तिघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

वाकलेली पाने पाण्यात उभी राहिली.

ज्या हातांनी ती लावली, ते हात निरामय राहोत. त्या इवल्या मुळांना तळ मिळो.