ठमीचा टायर

हवा बघायला लाथ मारणार असाल तर थांबा. टायर दिसला की माणसाचा आधी पाय उचलतो, मग डोळे उघडतात. माझ्यातली हवा केव्हाच गेली आहे. मी टायर बोलतोय. आधी ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाचा होतो, मग एका अस्वलाचा झालो, आणि आता कोणाचाच नाही. पण हे मी रडत सांगत नाहीये.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते आणि नक्षी इतकी खोल की खडे अडकून बसायचे. ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी लाथ मारली आणि म्हणाला, "दणकट आहे गडी." मग काय, रस्तेच रस्ते! घाट, पूल, खडी, चिखल. पाठीवर कधी सिमेंट, कधी बटाटे. कुठे चाललोय ते कधी कळलं नाही, पण चाललोय एवढं कळायचं. टायरला तेवढं पुरतं.

नक्षी झिजली. पंक्चरवाल्याने ठिगळांवर ठिगळं लावली, शेवटी त्यालाच माझी दया आली आणि त्याने मला दुकानाबाहेर टेकवून ठेवलं. तिथून एका प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराने मला उचललं, पिंजऱ्यात नेलं आणि साखळीने छताला टांगलं. चाललोय हे कळणं तिथेच संपलं.

पिंजऱ्यात ठमी होती. रानात जन्मलेलं अस्वलाचं पोर, पण रान नीट बघायच्या आतच इथे आलेलं. नाव रखवालदारानेच ठेवलं होतं. ठमी भिंतीपासून गजांपर्यंत जायची, वळायची, पुन्हा भिंतीपर्यंत यायची. मी गावंच्या गावं पालथी घातलेला, आणि हिच्या वाट्याला एवढीशी फरशी! मधेच ती थांबायची आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायची. तासन्‌तास. गजांपलीकडचे काका-मामा पोरांना उचलून दाखवायचे, "बघ बघ, कसं नाचतंय!"

एकदा एका चिमुरडीने विचारलं, "पण गाणं कुठेय?"

"मोठ्यांना उलट विचारू नये," तिला उत्तर मिळालं. मोठ्यांकडे उत्तर नसलं की हे एक उत्तर कायम तयार असतं.

रखवालदार मात्र वाईट नव्हता. सकाळी तो बादलीची कडी वाजवायचा, खण्‌ खण्‌, आणि ठमीचं डोकं थांबायचं. तो माझ्या पोटात गाजरं लपवायचा. ती मला मिठी मारून, जीभ घालून एकेक शोधायची. तेवढा वेळ ती अस्वल असायची.

त्याची मुलगी प्राण्यांची डॉक्टर. अभयारण्याच्या कडेला, पिंजऱ्यांतून सुटलेल्या प्राण्यांसाठी कुंपण घालून राखलेलं एक रान होतं, तिथे ती काम करायची. बापाला भेटायला यायची आणि पाणी प्यायच्या आधी भांडायची.

"बाबा, ती नाचत नाहीये. तिचं डोकं फिरायची वेळ आलीय."

"अगं, खाऊनपिऊन सुखी आहे. तुझ्या रानात अंडी कोण देणार तिला?"

"तुरुंगातही जेवण मिळतं."

"मग मी काय तुरुंगाचा शिपाई?"

"किल्ली कोणाच्या कमरेला आहे?"

त्याचा हात नकळत कमरेला गेला.

मुलीने अर्जांमागून अर्ज करून, साहेबांच्या दारात ठाण मांडून ठमीला न्यायची परवानगी एकदाची मिळवली. संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी अट घातली: तिथे रुळली नाही तर महिनाअखेरीस परत आणायची.

"हा टायरही घेऊन जा," बाप म्हणाला. "पोरगी सासरी निघाली की बरोबर काहीतरी देतातच."

"ही सासरी नाही चाललीय, बाबा. घरी चाललीय. पिंजऱ्याचं भंगार कशाला तिथे?"

तरी मी ट्रकवर चढलो. चढवणारा बाप आणि तोंड फिरवणारी मुलगी. खाली चार-सहा टायर जीव तोडून पळत होते आणि मी वर शेटजीसारखा आडवा!

मला कुंपणाशी ठेवलं. ठमीच्या निजायच्या खोलीचं दार उघडलं. गवताला पाय लागताच तिने तो असा झटकला जणू चटका बसला. मग माझ्यापासून कुंपणाच्या खांबापर्यंत गेली आणि वळली. बरोबर त्या जुन्या फरशीएवढंच. पुढे सगळं रान मोकळं होतं आणि ही नसलेल्या भिंतीपाशी वळत होती. मला ते बघवेना.

त्यात बाप रोज दुपारी यायचा. कुंपणाबाहेरून खण्‌ खण्‌. मग दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच ठमी कुंपणाला नाक लावून त्याची वाट बघायची. मोठे साहेब एकदा डोकावून गेले. "कुंपणाशीच बसायचं तर आमच्याकडे काय वाईट होती? पुढच्या वेळी गाडी घेऊनच येतो."

ते गेले आणि मुलगी बापावर कडाडली, "उद्यापासून यायचं नाही!"

"मी दिसलो नाही तर ती खाणार नाही गं."

"तुम्ही दिसता म्हणून तर ती जागची हलत नाही! तुमची माया तिला परत पिंजऱ्यात घालणार आहे, कळतंय का?"

बापाने बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "बरं, नाही येत. पण तो टायर रोज थोडा आत सरकव. पोटात मध लाव त्याच्या. माझ्या हाकेला येते, तशी त्याच्या वासाला जाईल."

मुलगी न भांडता मध आणायला गेली. तिच्या बाबतीत ही मोठीच घटना होती.

सकाळी, ठमी खोलीत बंद असताना, मुलगी आत यायची, मला उभं करायची आणि ढकलायची. अहो, मी चाललो! इतकी वर्षं टांगलेला मी पुन्हा जमिनीवरून चाललो! आज झुडपापर्यंत, उद्या खडकापर्यंत, आणि मागून दुपारपर्यंत ठमी. एका सकाळी उतार लागला. माझी जुनी हौस उसळली आणि मी तिच्या हातून निसटलो. "अरे थांब मेल्या!" ती मागून ओरडत धावली. मी कसला थांबतोय? धडपडत झाडीत शिरलो आणि एका वारुळावर आपटून आडवा झालो.

ठमी मधाच्या वासाने आली. मला हुंगलं. मग वारूळ हुंगलं. एक नख मारलं, दुसरं मारलं, भोकाला तोंड लावलं आणि असा सुर्रकन घरघराट केला की मला वाटलं ट्रक सुरू झाला. वाळवी! हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने मला ढुंगणाने बाजूला सारलं आणि कामाला लागली. माझा मध तसाच राहिला.

महिनाअखेरीस साहेब गाडी घेऊन आले. गाडीवर रखवालदार होता, बादलीसकट. मी पडलोय तिथून झाडांच्या फटीतून कुंपण दिसतं. त्यापाशी ठमी नव्हती.

"कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"मलाही माहीत नाही," मुलगी हसून म्हणाली.

तेवढ्यात झाडीतून घरघराट आला. साहेबांनी तो ऐकला, घड्याळ बघितलं आणि रिकाम्या गाडीत जाऊन बसले.

बाप कुंपणाशी आला. कडी वाजू नये म्हणून त्याने ती मुठीत धरली होती. ठमीने मातीने माखलेलं तोंड वर काढलं, वारा हुंगला, त्याच्याकडे नीट बघितलं. आणि पुन्हा खाली घातलं.

"ओळखलं नाही गं मला," तो म्हणाला.

"ओळखलं, बाबा. कामात आहे ती."

तो डोळे पुसत मोठ्याने हसला. बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि म्हणाला, "सुटलो बाई." ठमी सुटली म्हणाला की स्वतः, कोण जाणे.

आता माझ्या पोटात पावसाचं पाणी साठतं. बेडूक राहतात. ठमी जाता-येता एखादा घोट घेते, मिठी मारत नाही. तिचं डोकं हलायचं थांबलं आहे. भंगारवाल्याला माझा पत्ता देऊ नका, मी इथे बरा आहे. आणि कुठल्याही गजांपलीकडे कोणी डोलताना दिसलं, तर पोराला उचलून "नाचतंय" म्हणण्याआधी जरा कान द्या. गाणं ऐकू येतंय का?