मेल्या मातीतले सोंडे

थोरल्यानं सकाळी बांधावर उभं राहून धाकट्या भावाशी भांडण काढलं नाही, असा दिवस गावाला आठवत नव्हता.

"तू फवारणी करत नाहीस, आणि तुझ्या रानातली कीड माझ्या रानात येते," हे थोरल्याचं ठरलेलं वाक्य.

"दादा, येते तर ठेवून घे," हे धाकट्याचं.

अशात रानातल्या किड्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई गावात आल्या. त्यांनी दोघांच्या रानात दहा-दहा प्लास्टिकचे पेले काठापर्यंत पुरले. चालता चालता किडा आत पडला की तो मोजायचा. वर बाई म्हणाल्या, "ज्याच्या रानात भुंगेरे, कोळी जास्त, त्याची माती जिवंत."

आठवड्यानं धाकट्याच्या पेल्यांत एकशे चाळीस जीव निघाले. थोरल्याच्या दहा पेल्यांत मिळून एक मुंगी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, थोरल्याची माती मेली. गावात सोन्यासारखी जमीन फक्त आपली, असं जन्मभर सांगत आलेल्या माणसाला ते फार लागलं. त्याला जेवण जाईना. पुढच्या मोजणीवर त्याची सगळी अब्रू टांगलेली होती.

मोजणीच्या आदल्या दुपारी बायकोचा डोळा लागला, तसा तो धान्याच्या कोठीपाशी गेला. दोन ओंजळी गहू चाळले, खाली पडलेलं डब्यात भरलं आणि रानात जाऊन पेल्या-पेल्यात वाटून आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेले पांढऱ्या ताटात उपडे केले. दोघे भाऊ, दोघी जावा वाकून बघत होत्या. भिंगातून पाहता पाहता बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काका, हे तर धान्यातले सोंडे. हे रानात राहत नाहीत."

"माझ्या रानात राहतात," थोरला म्हणाला.

"मग हा नवाच शोध झाला. उद्या आमच्या मोठ्या सरांना घेऊन येते. चार दिवस मुक्काम करू."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं बायकोकडे पाहिलं. माझ्या कोठीत एक सोंडा शोधून दाखवा, असं ती उभ्या गावाला ऐकवायची, आणि धाकटी जाऊ शेजारीच उभी होती. थोरल्याच्या बायकोनं ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

"सरांना कशाला त्रास?" ती म्हणाली. "माझ्या कोठीतले आहेत."

धाकटी जाऊ चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकली, ती बराच वेळ वर आली नाही. बाईंनी वहीत थोरल्याच्या नावापुढे शून्य लिहिलं.

तेव्हापासून थोरला ओसरीवर गहू निवडत बसला. बायकोची शिक्षाच होती, आणि कोठी मोठी होती. तिसऱ्या दिवशी धाकटा येऊन शेजारी टेकला. सुपातून एक सोंडा उचलून त्यानं बाजूला टाकला.

"दादा, खरे भुंगेरे देऊ का पेलाभर? फवारणी तेवढी थांबव, राहतील."

थोरल्यानं सूप खाली ठेवलं. बायको आत आहे ना, हे पाहिलं.

"दे," तो म्हणाला. "पण बांधावरून नको देऊ, लोक बघतात."