वास नसलेली टाकी

गावाच्या सांडपाण्याच्या टाकीवर तो अकरा वर्षं राबत होता, आणि अकरा वर्षं गाव त्याला 'अत्तरवाला' म्हणत होतं. त्याने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. त्याच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी माणसं त्याच्याच टाकीतल्या पाण्यावर चारा पिकवत होती. तीन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती. विहिरी कोरड्या ठाक होत्या. चाऱ्याचा तेवढा एक हिरवा पट्टा होता, म्हणून गोठ्यांत गुरं होती.

सोमवारी टाकीच्या पाण्याची तपासणी होती. पाणी नापास झालं तर टाकीला कुलूप. मग गुरं विकायची, आणि त्यांच्यामागोमाग माणसांनीही गाव सोडायचं. शनिवारी त्याने घरोघर जाऊन सांगितलं, "सोमवारी सरकारी बाई टाकीचं पाणी तपासायला येणार आहेत. मोऱ्या जरा स्वच्छ ठेवा."

खरी गोष्ट मात्र त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. यंत्र नुसती हवा सोडायचं. घाण खाऊन पाणी स्वच्छ करायचे ते टाकीतले जंतू. पण सुरुवातीला हे सांगितलं असतं तर गावाने ते पाणी बांधावरूनच परत पाठवलं असतं. म्हणून तो 'सगळं यंत्र करतं' म्हणाला, आणि पुढे खरं बोलायला तोंड राहिलं नाही. एकटा असला की तो त्या जंतूंशी बोलायचा. मूलबाळ नसलेल्या माणसाने कशात तरी जीव अडकवायचाच.

सोमवारी सकाळी टाकीजवळ पोचताच तो थबकला. रोजचा वास नव्हता. इस्पितळाच्या फरशीला येतो तसला वास होता. टाकीवर पांढरा फेस तरंगत होता. त्याने रोजच्यासारखी काचेची बरणी भरली आणि अर्धा तास तिच्यासमोर बसून राहिला. एरवी तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसायचं. आज सगळं गढूळच राहिलं.

तो तडक जवळच्या घरी गेला. न्हावी दारातच उभा होता.

"काय रे, मोरीत काही ओतलंस का?"

"जंतू मारायच्या पावडरची अख्खी पिशवी," न्हावी छाती फुगवून म्हणाला. "आपली आळी, पलीकडची आळी, काल सगळ्यांनी मिळून ओतली. तूच सांगून गेलास ना? बाईंना एक जंतू जिवंत सापडायचा नाही, बघ तू."

अत्तरवाला तसाच मागे फिरला. इतकी वर्षं गावाने त्याचं कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं काल.

बाई दहाला आल्या. त्यांनी बरणी उजेडात धरली, पाण्याचा वास घेतला आणि त्यांना सगळं कळलं. वाईट त्यांनाही वाटलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ आणून टाकला तर महिन्याभरात सावरेल," त्या म्हणाल्या.

"आणायचा कुठून, बाई? आसपासच्या तिन्ही टाक्या पाण्यावाचून बंद पडल्या."

"माहीत आहे. त्या मीच बंद केल्या." त्यांनी कागद भरला, त्याची सही घेतली आणि कुलूप बाहेर काढलं. संध्याकाळी यंत्र थांबवून फाटकाला लाव, म्हणाल्या.

दुपारी बायको डबा घेऊन आली. टाकीवर ती सहसा यायची नाही, आली तरी नाकाला पदर लावून. आज फाटकातच तिने पदर सोडला आणि लांब श्वास घेतला.

"अगंबाई, वास म्हणून नाही!" ती हरखून म्हणाली. "मी काल फिनेलच्या तीन बाटल्या ओतल्या. म्हटलं, चार माणसांत तुमची मान खाली जायला नको. पास झालं ना पाणी?"

त्याला रडू आलं. तोंड लपवायला तो डबा उघडू लागला. संध्याकाळपर्यंत गावाला कळणारच होतं. कुणी ओतलं, किती ओतलं, सगळं निघणार होतं, आणि तिच्या तीन बाटल्या ती जन्मभर मोजत बसणार होती. निदान जेवण होईपर्यंत तिला कळायला नको, एवढंच त्याला वाटलं.

"बस," तो म्हणाला. "आधी जेवू."

ती टाकीच्या कठड्यावर, त्याला अगदी खेटून बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती तिथे बसली होती.

"उद्यापासून रोज इथेच जेवू या," ती म्हणाली.